साईट उघडत नाही म्हणजे आपलं नाव कटलं का?

(संघाच्या डिसेंबर २०२५ च्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे फक्त 'मोबाईल माहिती' असं लिहिलंय. पण खरं सांगायचं तर मी आज आधी माझी चूक सांगायला उभी आहे. माहिती त्याच्यातूनच येईल.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी चालू होती. सप्टेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा दोन महिने दिले होते, म्हणजे १८ नोव्हेंबर शेवटची तारीख. पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या घाईत होत्या. अशात एक मावशी आपल्या कार्यालयात आल्या. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांची परवानगी घेऊन गोष्ट तेवढी सांगतेय. कापूस वेचणीचे दिवस. त्या दिवशीची तीनशे रुपये मजुरी सोडून आल्या होत्या. बटनाचा फोन, आधार कार्ड, आणि एका कागदावर मालकांचा आधार नंबर. मालक पुण्याकडे बांधकामावर. केवायसीला नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी लागतो, म्हणून मालकांनी मुकादमाला सांगून अकरा ते बारा फोन जवळ ठेवायची सोय केली होती.

माझा डेटा संपला होता म्हणून मी माझा फोन कार्यालयाच्या वायफायला जोडला आणि साईट उघडायला घेतली. उघडेना. पांढरं पान आलं, साईटवर पोहोचता येत नाही अशा अर्थाचं, आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरं. दहा वेळा केलं. बारा वाजले. मी मावशींना म्हटलं, "साईट बंद आहे मावशी. उद्या-परवा बघू."

मावशी उठल्या नाहीत. थोडा वेळ तशाच बसून राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "पोरी, खरं सांग. माह्यं नाव कटलं का वं?"

मी म्हटलं तसं काही नाही. पण त्यांचा विश्वास बसला नाही, आणि बसावा असं मी काही सांगूही शकले नाही, कारण साईट का उघडत नाही हे मलाच माहीत नव्हतं. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत आम्हाला गटबांधणी शिकवली, समुपदेशन शिकवलं, हे कुणी शिकवलं नाही.

त्याहून मोठी चूक पुढे केली. मी आपल्या सगळ्या ग्रामसंघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला: 'लाडकी बहीण साईट बंद आहे, कोणीही येऊ नये.'

साईट बंद नव्हती. संध्याकाळी मावशींच्या गावातल्या अकरावीतल्या एका मुलीने स्वतःच्या फोनच्या डेटावर तीच साईट एका झटक्यात उघडली. पण तोवर मालक कामावर चढले होते, ओटीपी मिळेना. मावशींचा दुसरा दिवसही त्यातच गेला. केवायसी झाली, पण एका केवायसीला दोन दिवसांची मजुरी गेली. सहाशे रुपये. माझा मेसेज वाचून आणखी किती जणी घरी बसल्या ते मी मोजलं नाही. मोजायला पाहिजे होतं.

त्या रात्री मी कॉलेजच्या एका मैत्रिणीला फोन केला. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात आहे. तिने खालची बारीक अक्षरं वाचून दाखवायला सांगितली. मी फोटो काढून ठेवला होता. ती म्हणाली, "अगं, साईट चालू आहे. तुमच्या वायफायला तिचा पत्ता सापडत नाहीये." हे पत्ता सापडणं म्हणजे काय, ते मी नंतर तिच्याकडून आणि वाचून समजून घेतलं. तेच सांगते.

बुलढाण्याच्या स्टँडवर उभं राहून कुणी म्हणालं, "मला पिंपळगावला जायचंय," तर कंट्रोलर काय विचारेल? कोणतं पिंपळगाव? पिंपळगाव राजा खामगावकडे. पिंपळगाव सराई म्हणजे सैलानीचं. पिंपळगाव काळे जळगाव जामोदकडे. पिंपळगाव देवी मोताळ्याकडे. एकट्या आपल्या जिल्ह्यात इतकी. म्हणून पाकिटावर पत्ता लिहिताना आपण आधी माणसाचं नाव, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा लिहितो. लहानाकडून मोठ्याकडे. आणि पोस्टवाला तो उलटा वाचतो. आधी जिल्हा बघतो, मग तालुका, मग गाव.

साईटचं नाव अगदी तसंच असतं. लाडकी बहीण योजनेच्या साईटचं नाव बघा: लाडकीबहिन, टिंब, महाराष्ट्र, टिंब, गव्ह, टिंब, इन. शेवटचं 'इन' म्हणजे भारत. त्याच्या आधीचं 'गव्ह' म्हणजे सरकार. त्याच्या आधी महाराष्ट्र. आणि सगळ्यात पुढे आपली योजना, म्हणजे घर. फोनही हे मागून पुढे विचारत जातो.

पण फोनला नुसत्या नावाने जाता येत नाही. त्याला आकडा लागतो. आपण फोनमध्ये 'आई' म्हणून नंबर ठेवतो आणि नुसतं 'आई' दाबतो, पण फोन लागतो तो नंबरलाच ना? तसा प्रत्येक साईटला एक आकडा आहे, आणि कोणत्या नावाला कोणता आकडा हे सांगणाऱ्या वह्या इंटरनेटवर आहेत. त्या सगळ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. आपण नाव टाकलं की फोन आधी वहीवाल्याला विचारतो, "ह्या नावाचा आकडा सांग." आकडा मिळाला की मगच तो साईटकडे जातो. हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं म्हणून आपल्याला कधी कळतच नाही. वहीवाल्याने उत्तर दिलं नाही किंवा चुकीचं दिलं तरच कळतं. साईट जागेवर असते, चालू असते, पण आपला फोन तिथे जातच नाही.

आता ही वही एकच नाही. ज्या कंपनीचं सिम, तिचा वहीवाला वेगळा. वायफायचा वेगळा. सगळे एकमेकांना विचारून आपापल्या वहीत उत्तर लिहून ठेवतात आणि काही वेळ तेच उत्तर देत राहतात, म्हणजे परत परत विचारायला नको. ही सोय चांगली आहे, पण गडबडही इथेच होते. आपल्याकडे नाही का होत, ग्रामसंघाच्या वहीत गटाचं नवं बँक खातं लिहिलं जातं आणि गटाच्या वहीत जुनंच राहतं, मग हप्ता कुठे गेला म्हणून आपण महिनाभर शोधतो? तसंच. आमच्या कार्यालयाला ज्याच्याकडून वायफाय येतं, त्याच्या वहीत त्या दिवशी त्या एका नावाचं उत्तर नीट नव्हतं. बाकी सगळ्या साईट उघडत होत्या, म्हणून मला वाटलं सरकारचीच बंद आहे.

इथे एक गंमत सांगते, कारण ती वाचून मला आपल्या गटाच्या नोंदवह्या आठवल्या. सुरुवातीला, १९७० च्या दशकात, अमेरिकेत इंटरनेटचा पूर्वज असलेलं जाळं होतं तेव्हा ही वही खरोखर एकच होती. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट नावाच्या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई ती सांभाळणाऱ्या केंद्राच्या प्रमुख होत्या. कुणाला नवा कॉम्प्युटर जोडायचा असला की त्या केंद्राला कळवायचं, मग तिथल्या यादीत नाव आणि आकडा चढायचा. पुढे कॉम्प्युटर इतके वाढले की एका यादीत मावेनात. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वही वाटून ठेवण्याची आजची पद्धत तयार केली. नावाच्या शेवटी येणारे 'कॉम', 'गव्ह' असे गट ठरवण्यात फाइनलर बाईंच्या गटाचा मोठा वाटा होता. म्हणजे आज आपण ज्या 'गव्ह'वर विश्वास ठेवतो, त्या विभागणीमागे एका बाईच्या हाताखालचा गट होता. हे मला आमच्या गटाच्या सचिवांना सांगायला फार आवडलं. त्या म्हणाल्या, "मंग तिनं मानधन किती घेतलं?" ते मात्र मला सांगता आलं नाही.

आता कामाचं. वही गडबडली आहे हे ओळखायचं कसं?

पांढऱ्या पानावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचा. वाचता येत नसतील तर फोटो काढून मला पाठवा, आता मला वाचता येतात. त्यात 'डीएनएस' ही तीन अक्षरं असली, किंवा 'नेम नॉट रिझॉल्व्ह्ड' असं असलं, तर नावाचा आकडा सापडलेला नाही. ही पत्त्याची अडचण. आणि जर ५०२, ५०३, ५०४ असे आकडे आले तर फोन साईटच्या दारापर्यंत पोहोचला आहे, पण आत फार गर्दी आहे किंवा आतलं काही बिघडलं आहे. तिथे आपल्या फोनमध्ये काही करून उपयोग नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा परत बघायचं. सप्टेंबरमध्ये केवायसी सुरू झाली तेव्हा ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून होत्या, आणि मंत्री अदिती तटकरे यांनीही तांत्रिक अडचण आहे हे मान्य केलं होतं. ती अडचण आतली होती, पत्त्याची नव्हती. दोन्हीत आपल्याला दिसतं एकच, की काम होत नाही. पण उपाय वेगळे आहेत.

तिसरं एक पान येतं, लाल खूण असलेलं, 'हे कनेक्शन खाजगी नाही' असं सांगणारं. तिथे आधी फोनची तारीख बरोबर आहे का ते बघा, तारीख चुकली तरी हे पान येतं. तारीख बरोबर असेल तर पुढे जाऊ नका. खाली 'तरीही पुढे जा' असा रस्ता दिलेला असतो. आधार नंबर टाकायचा असेल तर तो रस्ता आपला नाही.

पत्त्याची अडचण असली तर सगळ्यात आधी स्पेलिंग बघा. हसू नका, निम्म्या वेळा तेच असतं. आपल्या योजनेच्या साईटच्या इंग्रजी नावात 'डी'नंतर एक 'ए' आहे. एल, ए, डी, ए, के, आय, मग बी, ए, एच, आय, एन. आपण बोलतो तसं 'लाडकी' लिहायला गेलो की तो 'ए' सुटतो. नाव चुकलं की वहीवाला म्हणतो असं कुणी नाहीच. हे लहान वाटतं, पण शेगाव आणि शेवगावमध्ये किती अक्षरांचा फरक आहे? एक. एक आपल्या गजानन महाराजांचं, दुसरं थेट नगर जिल्ह्यात.

स्पेलिंग बरोबर असेल तर फोन विमान मोडवर टाका, दहा पर्यंत मोजा, परत काढा. किंवा फोन बंद करून चालू करा. त्याने फोनने स्वतःजवळ लिहून ठेवलेलं जुनं उत्तर बहुतेक वेळा पुसलं जातं आणि तो नव्याने विचारतो.

तरी नाही झालं तर रस्ता बदला. मी त्या दिवशी हेच केलं नाही. वायफायवर असाल तर वायफाय बंद करून डेटावर या. डेटावर असाल तर शेजारणीच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट घ्या. कंपनी बदलली की वहीवाला बदलतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मावशींचा सगळा दिवस या पाच मिनिटांवर होता. आपल्या गटात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन असतातच. म्हणून कुणाची केवायसी करायला बसाल तेव्हा एकटीच्या फोनवर भरवसा ठेवून बसू नका, दोघी बसा.

यानंतरचा उपाय जरा खोलातला आहे, तो प्रत्येक गावात एकीने तरी शिकून घ्यावा. वहीवाला कोण हे आपल्याला निवडता येतं. कंपनीचाच घेतला पाहिजे असं नाही. काही मोठ्या वह्या सगळ्या जगासाठी फुकट खुल्या आहेत. गूगलची २००९ पासून आहे, तिचा आकडा चार वेळा आठ, मध्ये टिंब: ८.८.८.८. क्लाउडफ्लेअर कंपनीची २०१८ पासून आहे, तिचा चार वेळा एक: १.१.१.१. आपल्या कार्यालयाच्या वायफायच्या डब्यात मी आता यातला एक आकडा टाकून घेतला आहे. फोनमध्ये करायचं तर सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते, तिथे 'प्रायव्हेट डीएनएस' असं शोधा. अँड्रॉइड ९ किंवा त्याच्या पुढचा फोन असेल तर सापडेल. तिथे तीन पर्याय असतात: बंद, आपोआप, आणि स्वतः नाव टाकायचं. तिसऱ्यात इंग्रजीत 'डीएनएस टिंब गूगल' एवढं टाकून जतन करायचं.

पण टाकण्याआधी तिथे आधीच काही लिहिलेलं आहे का ते बघा. कधी कधी घरातल्या पोरांनी जाहिराती बंद करायला तिथे कुणाचं तरी नाव टाकलेलं असतं, आणि तो वहीवाला बंद पडला की कोणतीच साईट उघडत नाही. मग आपण रिचार्जवाल्याशी भांडतो. तसं असेल तर 'आपोआप'वर करा, झालं.

आणि एक सावधगिरी. आपण कोणकोणत्या साईट उघडतो हे त्या वहीवाल्याला कळत असतं. म्हणून ओळखीचाच घ्यायचा. 'साईट उघडत नसेल तर हे ॲप घ्या' अशी लिंक व्हॉट्सॲपवर आली तर ते ॲप घ्यायचं नाही. जो चुकीचा पत्ता सांगू शकतो तो आपल्याला कोणाच्याही दारात नेऊन सोडू शकतो.

हे मी इतकं का सांगतेय, त्याचं कारण माझ्या त्याच मेसेजमध्ये आहे. मेसेज वाचून आपल्याच संघातल्या एका ताईंनी विचार केला, की ही साईट बंद आहे तर दुसरी असेल. शोधलं. वरच एक सापडली. झेंडा, नेत्यांचे फोटो, सगळं व्यवस्थित. आधार नंबर टाकला, बँक खातं टाकलं, मग 'प्रक्रिया शुल्क ४९ रुपये' आलं आणि यूपीआयचा पिन टाकायचा चौकोन उघडला. त्यांची दहावीतली मुलगी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आई, पैसे मिळवायला पैसे कायले लागतात?" आणि तिने फोन ओढून घेतला. पैसे वाचले. पण आधार आणि खातं कुणाच्या तरी हातात गेलंच. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन सांगितलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. ताईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. साईट बंद आहे असं मी सांगितलं नसतं तर त्या शोधायला गेल्या नसत्या, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

केवायसी सुरू झाली त्याच महिन्यात नकली साईटबद्दल बातम्या आल्या होत्या. त्यात जिचं नाव छापून आलं होतं, तिच्या नावात 'लाडकी' नव्हतं, 'महाराष्ट्र' नव्हतं, 'गव्ह'ही नव्हतं. शेवटी फक्त 'इन' होतं. नुसतं 'इन' कुणीही थोडे पैसे भरून घेऊ शकतं. 'गव्ह टिंब इन' मात्र सरकारी कार्यालयांनाच मिळतं. म्हणून पत्ता पोस्टवाल्यासारखा मागून वाचा. आधी शेवटचे दोन शब्द. मध्ये 'गव्ह' असून चालत नाही, शेवटी पाहिजे. फसवणारे 'लाडकी-बहीण-गव्ह' असं सगळं पुढे लिहून शेवटी भलतंच ठेवतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात शेगाव लिहिलं आणि जिल्हा नगर टाकला तर पाकीट कुठे जाईल?

गव्ह नाही म्हणजे खोटी, असंही नाही. बँका, संस्था यांची नावं वेगळी असतात. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने यावर्षी नियम केला, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी 'बँक टिंब इन' वर संपणाऱ्या नावावर यायचं. ते नाव फक्त बँकांनाच मिळतं. पण सरकारी योजनेसाठी आधार मागणारी साईट असेल, तर शेवटी गव्ह टिंब इन पाहिजे, आणि केवायसीला एक रुपयाही लागत नाही. पैसे गेलेच तर रडत बसायच्या आधी १९३० ला फोन लावा. जितका लवकर लावाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

काही वेळा काहीही करा, कुणाच्याच फोनवर उघडत नाही. तेव्हा मूळ वहीतच गडबड असते. तुम्हाला आठवत असेल, ४ ऑक्टोबर २०२१, पितृपक्षाचे दिवस होते. रात्री नऊच्या पुढे व्हॉट्सॲप बंद पडलं होतं. फेसबुक, इन्स्टाग्राम सगळंच. कितीतरी जणींनी फोन दहा वेळा बंद-चालू केला, काहींनी व्हॉट्सॲपच काढून टाकलं आणि जुने फोटो घालवून बसल्या. झालं काय होतं, कंपनीचीच माणसं दुरुस्ती करत असताना त्यांचं आतलं जाळं तुटलं, आणि त्यांच्या नावांची वही सांभाळणारे कॉम्प्युटर जगाला दिसेनासे झाले. कुणालाच पत्ता सापडेना. सहा तासांच्या आसपास हे चाललं. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं. यावर्षी दिवाळीत, २० ऑक्टोबरला, ॲमेझॉनच्या कॉम्प्युटर सेवेत अशीच नावाच्या वहीची गडबड झाली आणि जगभरातली कितीतरी ॲप बंद पडली. अशा वेळी आपण काही करायचं नसतं. थांबायचं.

कुणी म्हणेल की मग साईटचा आकडाच पाठ करून ठेवू, वहीवाल्याची कटकट नको. माझ्याही डोक्यात आलं होतं. मैत्रिणीने समजावलं की ते चालत नाही. आकडे बदलत असतात, एका आकड्यावर अनेक साईट राहतात, आणि कुणी व्हॉट्सॲपवर 'हा सरकारी आकडा' म्हणून पाठवला तर तो कुणाचा हे आपल्याला वाचून कळणारच नाही. नाव निदान मागून वाचता तरी येतं.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येतं. त्या दिवशी मी ते द्यायला हवं होतं. साईट उघडली नाही म्हणजे त्यांचं नाव कटलं नव्हतं. फोनला साईटचं नाव सापडत नव्हतं. यादी जिथे आहे तिथे आपला फोन पोहोचलाच नव्हता, तर यादीत काय लिहिलंय हे त्याला कुठून कळणार? मी परवा त्यांच्या गावात गेले तेव्हा हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग तव्हाच का नाही सांगतलं?"

ग्रुपवरचा नियमही आपण आजपासून बदलतोय, अध्यक्षताईंशी बोलणं झालंय. 'साईट बंद आहे' असा मेसेज मीही टाकणार नाही आणि सीआरपी ताईही टाकणार नाहीत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर बघायचं, आणि मग लिहायचं, 'अमुक वाजता, अमुक सिमवर उघडली नाही, अमुकवर उघडली.' एवढंच. मेसेज लांबला तरी चालेल.

केवायसीची मुदत या महिन्याच्या ३१ तारखेपर्यंत आहे. ज्यांची राहिली आहे त्यांनी जेवण झालं की मागच्या खोलीत या. तिथे तीन फोन ठेवले आहेत, तिन्ही वेगळ्या कंपन्यांचे. मालक बाहेरगावी असतील तर आधी त्यांना फोन करून ठेवा, फोन हातात ठेवा म्हणावं. आणि चार्जर कुणी आणला असेल तर द्या, आमचा एकच आहे.